अंगठा वर

औलीहून आला तेव्हा पदमसिंगाकडे एकच बॅग होती
आणि डोळ्यांभोवती गॉगलचा गोरा पट्टा,
बाकी चेहरा रापलेला.
तोही पुसट होत चाललाय, म्हणाला,
दोन हिवाळे झाले, गॉगल लावायची वेळच आली नाही.

फेब्रुवारी. त्याचा सीझन, आणि माझाही.
माझ्या वहीत तीन खोल्या.
दोन कोऱ्या, तिसरीत तो.
"घसरायला शिकवतो मी," त्याने सांगितलं,
"पण घसरायलाच काही नाही."

मंदाकाकीने घावणे काढता काढता विचारलं,
"तुमचो बरफ गेलो खंय?"
दावं तोडून गेलेल्या पाड्याची चौकशी करावी तसं.
त्याला मालवणी येत नाही.
प्रश्न कळला.

त्यांच्याकडे बर्फ फुंकायची यंत्रं आहेत म्हणे,
तोफांसारखी रांगेत उभी.
पण त्यांनाही थंडी लागते,
आणि थंडी कुठल्या दुकानात मिळत नाही.
ऑपरेटर रात्रभर पाऱ्याकडे बघत बसतो.
पहाटे चिखल.

मी त्याला आमचं यंत्र दाखवलं:
काळ्या लांब पिशव्या, पोटात वाळू,
समुद्राच्या तोंडाशी आडव्या निजवलेल्या.
भाद्रपदात त्याने चार फाडल्या
आणि आमचीच वाळू आमच्या विहिरीत आणून टाकली,
शेजारणीने उसनं पीठ परत करावं तशी,
मापात, वर चिमूटभर जास्त.
तेव्हापासून पाहुण्यांचा चहा
बाटलीच्या पाण्याचा.

देवबाग म्हणजे एवढंच:
इकडे कर्ली, तिकडे दर्या,
मधे आम्ही आणि आमचे बोर्ड.
'समुद्रापासून शंभर पावलं' असं लिहिलं होतं मी.
यंदा रंगवायला घेतला, मोजली,
आणि ब्रश धुऊन ठेवला.

संध्याकाळी तो किनाऱ्याच्या कापलेल्या कडेवर गेला,
जिथे सुरूची मुळं उघडी पडलीत.
कमरेएवढा उतार.
गुडघे वाकवले, काठ्या धरल्यासारख्या मुठी आवळल्या
आणि सोडलं अंग.
तीन हात. फार तर चार.
खाडीतून तिसऱ्या काढून परतणाऱ्या बायका
टोपल्या डोक्यावर ठेवूनच थांबल्या.
कोणी हसलं नाही.
तो वाळू झटकत म्हणाला, बर्फाला आवाज असतो, याला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला पाण्यात नेलं.
होडीत रोजची पोपटपंची केली:
अंगठा आणि तर्जनी गोल, म्हणजे ठीक.
अंगठा वर, म्हणजे मला वर न्या.
छान नव्हे. वर न्या.
सगळे चुकतात, तुम्ही चुकू नका.
गोट्याने पाण्यात पाय घातला आणि काढला,
"कढत असा रे, शिमग्याआधीच."

सहा मीटर.
इथे पूर्वी तपकिरी होतं, जांभळट होतं,
पानकोबीसारखं, मेंदूच्या घड्यांसारखं,
त्यातून मासे शाळा सुटल्यासारखे.
आता पांढरं.
चुन्यात बुडवून ठेवलेलं पांढरं.
लोकांना आवडतं. फोटो झकास येतात.
मी पैसे मोजून घेतो, काही बोलत नाही,
घरी मुलीची फी आहे.

पण हा माणूस पांढऱ्यातच वाढलेला.
कोरं पांढरं, ओलं पांढरं,
वरून घट्ट आणि आतून दगा देणारं पांढरं,
सगळं त्याला पायांनी ओळखता येतं.
त्याच्याकडे नव्हतं ते इथे भरून राहिलेलं.
तो वाकला. हात लावला नाही.
तापाने झोपलेल्या माणसावर वाकतात तसा,
बराच वेळ.

मग माझ्याकडे वळला
आणि त्याने अंगठा वर केला.

काचेआड तो फिका पट्टा.
डोळे नीट दिसेनात.
आमचे बुडबुडे एकमेकांत मिसळून वर चाललेले,
कुठले त्याचे, कुठले माझे.
मी त्याचं कोपर धरलं
आणि तसाच राहिलो,
हवेचा काटा बघत.